कातळवेळच्या कड्यावर माझा पहारा

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, या विचारात माझा अर्धा चहा संपला. पण तुम्ही दुसरीकडून ऐकणारच, आणि दुसरीकडून ऐकाल तर त्यात मी तोफेवर चढून नाचले असंही असेल. नाचले नाही. फक्त चढले होते. तेव्हा माझ्याच तोंडून ऐका. नाशिकच्या एका बाईनं कोकणातल्या एका अख्ख्या गावाचं घरी परतणं टांगणीला लावलं, तेही आपण त्या गावाला वाचवतोय अशा समजुतीत. ती बाई मी.

मी पत्रकार. जुन्या चालीची, भांडकुदळ. ज्या कचेरीच्या बातम्या ज्याच्याकडे, ते त्याचं बीट. माझं बीट पालिका. उमेदीची सगळी वर्षं तिथे घालवली. मी केबिनमध्ये शिरले की अधिकारी माझ्यासाठी चहा मागवायचे आणि घशाला कोरड पडल्यामुळे स्वतःच पिऊन टाकायचे. असा माझा दरारा!

मग आमच्याकडे नवे संपादक आले. वयानं माझ्या लेकाएवढे. त्यांनी पालिका एका गोड बोलणाऱ्या पोराला दिली आणि मला रविवारच्या पर्यटन पुरवणीवर बसवलं. म्हणाले, ताई, आता जरा छान छान लिहा.

छान छान. मी!

पहिली कामगिरी कातळवेळची. समुद्राकाठी कड्यावर वसलेलं टुमदार गाव, त्याचा इतिहास, प्रेक्षणीय स्थळं, राहावं कुठे, खावं काय. मी संपादकांशी भांडले. ते लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "ताई, पान एकची बातमी आणा कुठूनही. त्या दिवशी पालिका परत तुमची."

ते बहुधा मला केबिनबाहेर काढण्यासाठी म्हणाले असतील. मी मात्र ते वाक्य करारासारखं उराशी धरून निघाले. इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं गेली उडत. मला बातमी हवी होती.

बरोबर खंडूभाऊ. ओझरचा माणूस, आमचा छायाचित्रकार, गाडीही तोच चालवतो. पन्नाशी उलटली तरी त्यानं समुद्र नीट पाहिला नव्हता. आम्हा नाशिककरांचं पाणी गंगापूर धरणापाशी संपतं. त्यामुळे खंडूभाऊच्या डोक्यात सबंध प्रवासभर फक्त मासे होते. आदल्या रात्री हायवेवर मुक्काम केला, तिथेही त्यानं मटार-पनीर नाकारलं. उद्यासाठी पोटात जागा ठेवतोय म्हणाला.

सकाळी फोनमधल्या नकाशानं आम्हाला जवळची वाट दाखवली. गावाचा खरा रस्ता खाडीपलीकडून पुलावरून येतो. नकाशानं घातलं पाठीमागून, सड्यावरून. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उजाड पठार, मैलोन्‌मैल माणूस नाही. पुढच्या रस्त्यानं आलो असतो तर आज हा किस्सा सांगायची वेळ आली नसती.

पण गाव! खरं सांगते, माझ्यासारख्या खवट बाईचाही श्वास अडकला. सडा एकदम संपतो, आणि तो संपतो तिथेच घरं सुरू होतात. कौलारू, नारळांच्या मधून डोकावणारी, आणि शेवटच्या घराच्या परसानंतर काही नाही. सरळ कडा. खाली समुद्र दगडांवर डोकं आपटतोय. दोन बाजूंना समुद्र, तिसऱ्या बाजूला खाडी. कुण्या सरदारानं इथे एक बुरूज बांधला, त्यावर तोफ चढवली, आणि म्हणतात की ती तोफ एकदाही उडाली नाही, कारण शत्रूला कडा बघूनच कंटाळा आला. पुढे बंदर भरभराटीला आलं. जकातघर झालं, दीपगृह झालं. गलबतांवरचा माल चढवायला कडा कोरून पायऱ्या काढल्या. मग आगबोटी बंद झाल्या आणि गाव आपलं कड्यावर बसून राहिलं, कुणीतरी न्यायला येईल म्हणून थांबल्यासारखं. आता येतात ते पर्यटक. बुरूज बघतात, पायऱ्या उतरतात, आणि भरतीच्या वेळी शंखघळीपाशी उभे राहतात. ती कड्यातली गुहा. लाट आत शिरली की शंख फुंकल्यासारखा आवाज येतो.

बघा, लिहिता येतं मला छान छान. प्रश्न वेगळाच होता.

गावात कुणी नव्हतं.

कुणी नव्हतं म्हणजे शब्दशः कुणी नाही. बाजारपेठेतली दुकानं बंद. घरांना कुलपं. शाळेच्या पटांगणात चिटपाखरू नाही. दीपगृहाच्या फाटकाला साखळी. आम्ही हॉर्न वाजवला, हाका मारल्या. पडवीतल्या झोपाळ्यावरही कुणी नाही. गोठे रिकामे. खुराडी उघडी आणि रिकामी. सगळ्या गावात एक कुत्रं भुंकलं नाही. तुम्ही कधी कुत्रं नसलेलं गाव बघितलंय? अंगावर काटा येतो.

खंडूभाऊचं निदान तयार होतं. "बिबट्या शिरला आसंल, ताई. आमच्याकडं उसात शिरला की लोक आसंच घर धरून बसत्यात."

"घर धरून बसतात. इथे घराला कुलूप आहे."

"मंग लय मोठा आसंल."

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण मला तोवर पुरावे दिसायला लागले होते. कड्याजवळच्या मोकळ्या जागेत ओळीनं लाल रंग दिलेल्या खुंट्या ठोकलेल्या. मोजणीच्या! आणखी पुढे, ऐन मोक्याच्या जागी एक भलामोठा कापडी फलक. त्यावर समुद्र, नारळ, खुर्चीत रेललेलं एक गोरं जोडपं, आणि खाली 'लवकरच आपल्या सेवेत'. नाव-गाव काही नाही, कारण फलकाचा खालचा भाग वाऱ्यानं फाटला होता.

माझ्या डोक्यात दिवा पेटला. कड्यावरची जमीन, सोन्याचा भाव, मोठा बिल्डर. गाव उठवलं. एका रात्रीत. गुराढोरांसकट.

खंडूभाऊ म्हणाला, "पण ताई, बिल्डर कोंबड्या कशाला नेईल?"

"पुरावा राहू नये म्हणून."

आता आठवलं की मला खाली मुंडी घालावीशी वाटते. पण तेव्हा मी हे इतक्या ठामपणे म्हणाले की खंडूभाऊनं मान डोलावली. तो म्हणाला, कुणाला तरी विचारून बघू, पुढच्या वस्तीत कुणी असेल. मी त्याला उडवून लावलं. आमच्या कामाची एक रीत आहे, आणि ती मी नव्या पोरांना कायम शिकवत आलेय. आधी पुरावा, मग प्रतिक्रिया. आधीच विचारलं की समोरचा सावध होतो, कागद हलवतो, साहेब रजेवर जातात. या रीतीवर मी पालिकेत भल्याभल्यांना घाम फोडलाय. ती रीत मी त्या दिवशी जशीच्या तशी एका रिकाम्या गावाला लावली.

खंडूभाऊनं खुंट्यांचे फोटो काढले, फलकाचे काढले, कुलपांचे काढले, खुराड्याचा एक हृदयद्रावक फोटो काढला. मग म्हणाला, ताई, भूक लागली. पुलापलीकडे कुठे खानावळ दिसते का बघून येतो. मी म्हटलं, जा, पण कुणाशी बोलू नकोस. तो गाडी घेऊन पुलाकडे गेला. आणि परत आलाच नाही.

मी वाट पाहत बसले. सूर्य डोक्यावर आला. तेवढ्यात खाडीपलीकडून नगारा वाजायला लागला. धडाम धडाम, चांगला बराच वेळ. मग एकदम शांत.

मी खाडीच्या बाजूला धावले. पलीकडच्या काठावर, झाडीत, माणसंच माणसं! शेकड्यांनी. चटया आणि झावळ्यांच्या खोपी उभारलेल्या, धूर निघतोय, गुरं बांधलेली. सगळ्या जमावापुढे काठाला समांतर एक दोरी ताणलेली. आणि त्या दोरीआड माणसांमध्ये एक पिवळाजर्द शर्ट. असा शर्ट ओझरपासून इथवर एकच माणूस घालतो.

झालं. माझ्या लेखी सगळा उलगडा झाला. गाव उठवून लोकांना दोरीआड कोंडलंय, आणि आमचा छायाचित्रकारही त्यांच्या ताब्यात!

आता बातमी द्यायची तर फोनला रेंज नाही. फोन उंच धरून मी गावभर फिरले. शेवटी बुरुजावर एक रेघ दिसली. तोफेवर चढले तेव्हा दोन झाल्या. तर मी ओढणी कमरेला खोचून त्या तोफेवर उभी राहिले आणि डेस्कला फोनवर बातमी सांगितली, जुन्या पद्धतीनं, स्वल्पविरामासकट. कड्यावरचं कातळवेळ रिकामं. रहिवाशांना खाडीपलीकडे डांबल्याचा संशय. बड्या बांधकाम व्यावसायिकाकडे बोट. आमच्या छायाचित्रकाराला रोखलं. प्रशासनाशी संपर्क होऊ शकला नाही. हे शेवटचं अगदी खरं होतं, कारण मी तो केलाच नव्हता.

संपादकांनी स्वतः फोन घेतला. "ताई, खात्री आहे ना?"

"तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी बातम्या देतेय."

"वेबसाइटवर लगेच टाकतो. उद्या पान एक."

पान एक! मी तोफेवर उभी होते, वारा केसांत, खाली समुद्र. मला पालिकेची पायरी दिसायला लागली.

आता खरी गंमत. तोफेवर उभी असल्यामुळे मी पलीकडच्या लोकांना दिसले. एकच गलका उडाला. सगळी माणसं काठाशी धावली, दोरीपाशी थांबली आणि दोन्ही हात हलवू लागली. वारा समुद्राकडून त्यांच्या अंगावर, त्यामुळे शब्द कळेना, पण हातवारे स्पष्ट. ये, ये, इकडे ये. मला वाटलं, मदतीला बोलावतायत. मी जागची हलले असते तर गाव पुरतं बेवारस झालं असतं. म्हणून मी मूठ आवळून वर केली. म्हणजे, धीर धरा, मी आहे.

त्यांनी कपाळावर हात मारले. मला वाटलं, दुःखानं.

मी पुन्हा मूठ वर केली. तर बायकांनी हात जोडले. म्हाताऱ्यांनी हात जोडले. एक आजोबा तर गुडघ्यावर बसले. इतक्या वर्षांच्या पत्रकारितेत मला कुणी हात जोडले नव्हते. पिवळा शर्टही काहीतरी खुणा करत होता. एक हात तोंडाकडे नेत होता, दुसऱ्या हातात ताट होतं. मी समजले, उपाशी ठेवलंय.

ऊन कलायला लागलं तेव्हा कड्याखालून हाक आली. पायऱ्यांच्या तळाशी एक होडी लागली होती. लागली म्हणजे टेकली नव्हती. वल्हवणारा तिला पायरीपासून हातभर लांब राखत होता. होडीत धोतर नेसलेले, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेले एक ताठ म्हातारे उभे होते. मघाशी गुडघ्यावर बसलेले तेच. हे आबा गावकर. गावचे मानकरी, म्हणजे गावाच्या वतीनं देवापुढे उभं राहण्याचा मान यांच्या घराण्याचा. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी पायऱ्या उतरताना मनात म्हणाले, आला मध्यस्थ.

शेवटच्या पायरीवर उभी राहिले आणि पहिलाच प्रश्न टाकला. "तुम्हाला कुणी पाठवलं?"

"गावान."

"गाव कुठाय?"

"ता काय, पल्याड जेवता."

"वर या, बसून बोलू."

म्हातारे एवढे दचकले की होडी हलली. "नाय गो बाये. पाय लावाक नको थंय."

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?"

"आसा."

मी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं. "नाव सांगा त्याचं. घाबरू नका."

"तुझो," आबा म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण त्यांच्या भाषेत ते ऐकताना माझं निम्मं लक्ष लाटेनं पाय भिजतायत याकडे होतं. कातळवेळला काही वर्षांनी एकदा गावपळण असते. ग्रामदेवतेचा कौल मिळाला की सगळं गाव, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत, गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. घरं देवावर सोडून. रानात खोपी बांधायच्या, एकत्र रांधायचं, गाणी म्हणायची. नगारा वाजला की गाव देवाचं. नंतर गावात पाऊल टाकायचं नाही, चुकून कुणी ओलांडू नये म्हणून काठाला ती दोरी. चौथ्या दिवशी वेशीवरच्या देवळात पुन्हा कौल घ्यायचा, देवानं पळण मान्य केली तरच घरी परतायचं. आणि नगाऱ्यानंतर गावात एकही माणूस राहिला, तर पळण मोडली. देवानं मनावर घेतलं तर पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस.

मला बाहेर काढायला आत कुणी येऊ शकत नव्हतं. आत येणारा तोही मोजला गेला असता. समुद्र वेशीत येत नाही, म्हणून होडी.

तुम्ही म्हणाल, एवढं कळल्यावर बाई मुकाट्यानं होडीत बसली असेल. बाई म्हणाली, "याचा काही लेखी आदेश आहे का?"

आबांनी होडीतली फळी माझ्यासाठी पुसली. "देव लिवन देणा नाय, बाये."

मी होडीत बसले.

खाडीपलीकडे उतरले तेव्हा सगळं गाव काठावर हजर. कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. सगळे नुसते बघत होते. खंडूभाऊ एका खोपीत मांडी घालून बसला होता, पुढ्यात बांगड्याचं तिखलं आणि भाताचा डोंगर. नगारा वाजायच्या आत तो इथे पोचला आणि यांनी त्याला पानावर बसवलं. त्याचं पहिलं ताट संपेपर्यंत त्याला माझी आठवणच झाली नाही. आठवण झाली तेव्हा नगारा वाजून गेला होता, आणि मग यांनी त्याला परत सोडलं नाही.

"मी सांगत व्हतो ना तुम्हाला हातानं," तो म्हणाला, "या म्हणून. जेवाया."

एका चुलीपाशी सुलभावहिनी भेटल्या. पन्नाशीच्या, चटपटीत. खंडूभाऊनं त्यांना बिल्डरचं सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्या हातात ताट दिलं आणि शांतपणे विचारलं, "त्या बिल्डराचा नाव काय म्हणालंस?"

"अजून कळलं नाही."

"माजा नाव सुलभा. ता बॅनर माजाच."

मी घास खाली ठेवला. कड्यावरच्या त्यांच्या घराला त्यांनी दोन खोल्या जोडल्या होत्या, पर्यटकांसाठी. पहिलंवहिलं बुकिंग पळण संपण्याच्या दिवसाचं. आणि लाल खुंट्या? गावच्या क्रिकेट स्पर्धेची सीमारेषा.

एवढ्यात पोरांनी मोबाइल आणला. पुलाकडे रेंज येत होती. आमची बातमी झळकली होती, आणि पोरांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. रहिवासी बेपत्ता. ज्यांना बेपत्ता केलं ते सगळे पुढ्यात बसून मन लावून ऐकत होते. 'घरदार सुटल्यानं भेदरलेले ग्रामस्थ' या शब्दांना एक आजी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. हसल्या नाहीत त्या सुलभावहिनी. त्यांच्या फोनवर मुंबईहून त्यांचे पहिले पाहुणे विचारत होते, गाव आहे ना जागेवर?

वहिनींनी त्यांना समजावलं की आहे, कड्यावरच आहे. पण चौथ्या दिवशी उघडेल की नाही हे देवाच्या हातात. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, एक बाई मधे इली आसा.

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पुलाच्या कठड्यावर बसले होते. जिल्ह्याच्या कचेरीतून त्यांना विचारणा झाली होती, आणि कातळवेळच्या नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसांनी ऑफिसला फोन करकरून कान किटवले होते. मी सगळं खरं सांगितलं. मग ते म्हणाले, "बातमी काढून टाकतो. खुलासा द्यावा लागेल. पान एकवर."

"आणि पालिका?"

"ताई," ते म्हणाले, "तिथे सगळ्यांनी वाचलीय ती बातमी. आयुक्तांपासून शिपायापर्यंत. आज तुमच्या नावानं पेढे वाटले असं ऐकतो."

नंतरचे दिवस आम्ही तिथेच काढले. खंडूभाऊला परत निघायची घाई नव्हती, तो दोन वेळा मासे खात होता. मला मात्र कौलाआधी जाववेना. माझ्यामुळे लोक घरी जातील की नाही हे ठरणार आणि मी नाशिकला गंगापूर रोडवर मिसळ खात बसणार? तेवढी निर्लज्ज नाही हो मी. सुलभावहिनींच्या चुलीशी बसून मी नारळ खवायचे, भाकऱ्या थापायचे. भाकऱ्यांवरून त्यांनी एवढंच विचारलं, नाशकात ह्याच खातंत?

चौथ्या दिवशी सकाळी सगळं गाव वेशीवरच्या देवळापुढे जमलं. सामान बांधलेलं, कोंबड्या टोपल्यांत, गुरांची तोंडं घराकडे. सुलभावहिनी घराची किल्ली मुठीत धरून पहिल्या रांगेत. त्यांचे पाहुणे दुपारी येणार होते. मी सगळ्यांच्या मागे, एका माडाआड. आबांनी मला तिथून काढून पुढे उभं केलं.

मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. कोकणातलं गाऱ्हाणं तुम्ही ऐकलंय का? मानकरी देवापुढे गावाची कैफियत मांडतो आणि प्रत्येक वाक्याला सगळी माणसं एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणतात. म्हणजे ठराव एकमतानं मंजूर. पालिकेत मी असं एकमत कधी पाहिलं नाही.

"बा देवा म्हाराजा, सगळो गाव तुझ्या येशीर उभो आसा."

"होय म्हाराजा."

"ही नाशकाची बाय, काय म्हायत नसताना गावात ऱवली."

"होय म्हाराजा."

"शिकलेली आसा, पण तिका कळाक नाय."

"होय म्हाराजा!" यात मला जरा जास्तच जोर वाटला.

"कोणाक इचारूक नाय, आपल्याच मनान लिवन मोकळी झाली."

"होय म्हाराजा!" खंडूभाऊचा आवाज मी ओळखला.

"पण मनान वायट नाय."

इथे मात्र आवाज पडला. दोन-चार म्हाताऱ्या म्हणाल्या. शेवटी सुलभावहिनींनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि एकटीनं खणखणीत म्हटलं, "होय म्हाराजा." त्याबरोबर बाकीच्यांनीही री ओढली.

आबा गाभाऱ्यात गेले. देवाच्या अंगाला फुलांच्या पाकळ्या चिकटवलेल्या असतात. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगळं गाव श्वास रोखून. कोंबड्याही गप्प. मी आजवर निवडणुकांचे निकाल पाहिलेत, सभागृहातली मतदानं पाहिलीत, पण कुठल्याच निकालाची अशी वाट पाहिली नव्हती. मी पाकळीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, मला पालिका नको, पान एक नको, या बाईंच्या खोल्या तेवढ्या उघडू देत.

पाकळी पडली. आत कुणीतरी घंटा वाजवली, आणि बाहेर माणसं रडत-हसत एकमेकांना मिठ्या मारायला लागली. कुत्री आधी सुटली, मग पोरं, मग सगळं गाव पुलावरून आपल्या घरांकडे धावलं. सुलभावहिनी तर पदर खोचून पोरांच्याही पुढे. जाताजाता माझ्याकडे बघून ओरडल्या, चादरी घालूक ये.

मला राहवेना. आबा देवळाच्या पायरीवर घाम पुसत बसले होते, त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, आबा, एक विचारते. मी तर आत होते. नगाऱ्यानंतर पुष्कळ वेळ होते. मग देवानं पळण मान्य कशी केली? तुम्ही देवाला नेमकं विचारलंत काय?

आबांनी रुमाल झटकला, घडी केला, खांद्यावर टाकला.

"सरळ इचारलंय. म्हटलंय, देवा, नगारो वाजल्यार गावात माणूस होतो काय?"

"मग?"

"देव म्हणालो, नाय." त्यांनी माझ्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं. "तुका त्यान माणसात धरूकच नाय, बाये."

आणि मी, जिनं उभ्या आयुष्यात एकही उणा शब्द ऐकून घेतला नाही, ती मी त्या देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाले, होय म्हाराजा.